कवटीच्या आत वाढणारे हाड

इ. स. १७०३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक विलक्षण वस्तू मांडण्यात आली. ती एका बैलाच्या डोक्यातून निघालेली होती. हाताला ती दगडासारखी कठीण लागे, आणि तिच्या पृष्ठभागावर मेंदूच्या वळ्यांची आठवण करून देणारे उंचवटे व चर होते. ती मांडणारे झोझेफ-गिशार द्यू व्हर्ने हे काही सामान्य गृहस्थ नव्हते. कानाच्या रचनेवर १६८३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे शारीरविज्ञ म्हणून त्यांचे नाव सर्वत्र झालेले होते. ही वस्तू म्हणजे बैलाचा अश्मीभूत मेंदू होय, असा तिचा परिचय करून देण्यात आला. जनावर जिवंत असतानाच त्याच्या मेंदूचा दगड होऊन गेला, असा याचा अर्थ.

हे म्हणणे खरे मानले, तर मोठाच पेच उत्पन्न होत होता. ज्याच्या डोक्यात मेंदूऐवजी दगड आहे, ते जनावर चालते कसे, चरते कसे, आवाज ऐकून मान कशी वळविते? चलनवलनाचे व संवेदनेचे स्थान मेंदूत आहे हे मत तर तोपर्यंत दृढ होत आले होते. एका बैलाने ते खोटे ठरविले, असे म्हणण्याची पाळी आली असती.

या पेचाचा उलगडा इटलीतील पादुआ विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या आंतोनियो व्हॅलिस्नेरी यांनी केला. 'अश्मीभूत म्हणून मानल्या गेलेल्या बैलाच्या मेंदूविषयी' त्यांनी १७१० मध्ये एक स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. ही वस्तू मेंदू नव्हेच, ते एक वाढलेले हाड आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. (पाण्यातून परागण होणारी 'व्हॅलिस्नेरिया' ही वनस्पती शाळा-महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते, तिला दिलेले नाव याच व्हॅलिस्नेरींचे.) बैलाच्या कपाळाच्या हाडात हवेने भरलेल्या विस्तीर्ण पोकळ्या असतात. पूर्ण वाढ झालेल्या जनावरात त्या मेंदूच्या वरून थेट शिंगांच्या आतील हाडापर्यंत पसरलेल्या असतात. अशा पोकळीत किंवा कवटीच्या भिंतीवर हाडाचा गोळा वाढू लागला म्हणजे मिळेल त्या जागेत तो गाठीगाठींनी पसरतो, आणि त्याच्या पृष्ठभागाला वळ्यांचे रूप येते. मेंदू मात्र बाजूला, दबलेला पण जिवंत, आपले काम करीत असतो.

माणसाच्या डोक्यातही असे हाड वाढू शकते. त्याला अस्थ्यर्बुद असे म्हणतात. कवटीच्या आत ते क्वचितच आढळते, ते सौम्य जातीचे असते, आणि पुष्कळदा त्याचा धारकाला जन्मभर पत्ताही लागत नाही. असे असूनही वैद्यकाला त्याची दखल घ्यावी लागते. ती का, हेच पुढे पाहावयाचे आहे.

'सौम्य' या शब्दाची मर्यादा

शरीरातील एखाद्या ऊतकातील पेशी गरज नसताना आपल्या आपण वाढत राहिल्या म्हणजे जी गाठ तयार होते, तिला अर्बुद म्हणतात. हा शब्द फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत वात, पित्त, कफ, रक्त, मांस व मेद यांपासून होणारी सहा प्रकारची अर्बुदे सांगितली आहेत. त्यांत हाडाचे अर्बुद नाही. परंतु अस्थिधातू वाजवीपेक्षा वाढल्यास 'अध्यस्थी', म्हणजे हाडावर हाड, उत्पन्न होते असे त्याच संहितेत अन्यत्र म्हटले आहे. आज ज्याला अस्थ्यर्बुद म्हणतात त्याचे वर्णन म्हणून हा शब्द मुळीच वाईट नाही.

अर्बुदांचे सौम्य आणि मारक असे दोन वर्ग करतात. मारक अर्बुद, म्हणजेच कर्करोग, आसपासच्या ऊतकांत मुळे घुसवावीत तसे शिरते आणि त्याच्या पेशी रक्तावाटे वा लसीकावाटे दूरच्या अवयवांत जाऊन तेथे नवी ठाणी वसवितात. सौम्य अर्बुद यांपैकी काहीही करीत नाही. ते जेथे उगवले तेथेच, स्वतःची कड न मोडता, सावकाश वाढते. अस्थ्यर्बुद हे तर सौम्य अर्बुदांतही अत्यंत निरुपद्रवी मानले जाते. ते मारक रूप धारण करीत नाही.

तथापि सौम्य हे विशेषण अर्बुदाच्या स्वभावाचे आहे, त्याच्या जागेचे नव्हे. कपाळावर बाहेरच्या बाजूने वाटाण्याएवढे हाड वाढले, तर माणूस फार तर आरशात पाहून खट्टू होतो. तेच हाड कवटीच्या आतल्या बाजूस, दृष्टीच्या मज्जातंतूला खेटून वाढले, तर एक डोळा अधू होऊ शकतो. हाड तेच, पेशी त्याच, वाढीचा वेगही तोच. फरक केवळ दिशेचा.

कवटी कशी घडते

माणसाच्या डोक्याचा सांगाडा बावीस हाडांचा असतो. त्यांपैकी आठ हाडे मेंदूची पेटी बनवितात व उरलेली चौदा चेहऱ्याची. मेंदूच्या पेटीचे छत आणि तिचा तळ यांची उत्पत्ती मात्र एकसारखी नाही. छताची हाडे गर्भावस्थेत एका पातळ पटलातच थेट तयार होतात. तळाचा बहुतेक भाग आधी कूर्चेचा असतो आणि मागाहून त्या कूर्चेचे हाड बनते. कूर्चेपासून उपजणारी अर्बुदे कवटीच्या तळाशी अधिक दिसतात, त्याचे कारण हेच असावे असे मानतात.

छताचे हाड आडवे कापून पाहिल्यास त्यात तीन थर दिसतात. बाहेर एक घट्ट पत्रा, आत दुसरा घट्ट पत्रा, आणि दोहोंच्या मध्ये जाळीदार, रक्तपूर्ण असा मऊसर थर. आतल्या पत्र्याला चिकटून मेंदूचे सर्वांत बाहेरचे आवरण असते. त्याला दृढतानिका म्हणतात. त्याखाली जालतानिका आणि मेंदूला लपेटून असलेली मृदुतानिका ही आणखी दोन नाजूक आवरणे आहेत. जालतानिका व मृदुतानिका यांच्यामध्ये पाण्यासारखा स्वच्छ मस्तिष्क-मेरुद्रव खेळत असतो.

दृढतानिकेकडे थोडे अधिक लक्ष दिले पाहिजे, कारण प्रस्तुत विषयाची किल्ली काही अंशी तिच्याजवळ आहे. ती नुसते आच्छादन नाही. तिचा बाहेरचा थर हा कवटीच्या हाडांचे आतल्या बाजूचे अस्थ्यावरणच होय, आणि अस्थ्यावरणाचा धर्म हाड निर्माण करणे हा आहे. तान्ह्या मुलाच्या कवटीचा तुकडा काही कारणाने काढावा लागला, तर खाली राहिलेल्या दृढतानिकेतून पुष्कळदा नवे हाड उगवून ती खिडकी बुजते. सुमारे दोन वर्षांच्या वयानंतर हे सामर्थ्य ओसरत जाते. मांजराच्या डोक्यात तर मोठा मेंदू व लहान मेंदू यांच्यामधील दृढतानिकेचा पडदा निसर्गतःच हाडाचा असतो. माणसात तो पडदा मऊ राहतो. पण मेंदूच्या दोन गोलार्धांमध्ये उभा लोंबणारा, कोयत्याच्या आकाराचा जो दुसरा पडदा आहे, त्यात उतारवयात चुन्याचे अथवा हाडाचे लहान पापुद्रे सापडणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. त्यांना रोग म्हणत नाहीत.

कवटीच्या आतील अस्थ्यर्बुद तीन ठिकाणांहून निघू शकते. कधी ते छताच्या आतल्या पत्र्यावर गुंडीसारखे उगवते. कधी, आणि हे फारच विरळा, ते हाडाशी काहीही संबंध न ठेवता दृढतानिकेच्या आतल्या पृष्ठभागावर तयार होते. शस्त्रक्रियेच्या वेळी कवटी उघडली असता हाड स्वच्छ, दृढतानिका शाबूत, आणि ती उलटवून पाहावी तो तिच्या खाली मेंदूवर टेकलेला शुभ्र हाडाचा गोळा, असे दृश्य दिसते. अशा रुग्णांची वर्णने जगातील वैद्यकीय वाङ्मयात मोजकीच आहेत. त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक, वय बहुधा मध्यम आणि स्थान बहुधा कपाळामागील भागात असे आढळते. तिसरा प्रकार या दोहोंच्या मानाने पुष्कळ अधिक आढळतो. तो म्हणजे नाकाभोवतीच्या हवेच्या पोकळ्यांत जन्मलेले आणि मागाहून मेंदूच्या कोठडीत शिरलेले अस्थ्यर्बुद. त्याचा विचार पुढे सविस्तर येईल.

भरलेली पेटी

प्रौढ माणसाच्या कवटीत सुमारे १,४०० ग्रॅम वजनाचा मेंदू, सुमारे १५० घन सेंटिमीटर मस्तिष्क-मेरुद्रव आणि जवळजवळ तितकेच रक्त एवढा ऐवज असतो. पेटी हाडाची, म्हणून ती ताणली जात नाही. आणि आतला ऐवज दाबून आकसत नाही. तेव्हा त्यांपैकी एकाचे आकारमान वाढले, तर दुसऱ्याचे तेवढे घटलेच पाहिजे. एडिंबरोचे अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि त्यांचे शिष्य जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये या गोष्टीचे विवेचन केले, आणि ती आजही त्या दोघांच्या नावाने ओळखली जाते.

मग या पेटीत हाडाचा गोळा वाढत असताना माणूस वर्षानुवर्षे धडधाकट कसा राहतो? उत्तर वेगात आहे. नाकाभोवतीच्या पोकळ्यांतील अस्थ्यर्बुदांची वाढ मोजून पाहिली असता ती सरासरीने वर्षाला १.६ मिलिमीटरच्या आसपास भरली. या गतीने तीन सेंटिमीटर व्यासाचा गोळा तयार होण्यास जवळजवळ एकोणीस वर्षे लागतील. त्या गोळ्याचे घनफळ सुमारे चौदा घन सेंटिमीटर होते; म्हणजे वर्षाला एक घन सेंटिमीटरसुद्धा नाही. मेंदूत रोज सुमारे ५०० घन सेंटिमीटर मस्तिष्क-मेरुद्रव तयार होतो व तितकाच शोषला जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे एवढी जागा करून देणे शरीराला जड का जात नाही ते समजते. उलट, अपघातानंतर काही तासांत कवटीत तीस-चाळीस घन सेंटिमीटर रक्त साठले, तर प्राणावर बेतते. मेंदूला भार सोसतो; घाई सोसत नाही.

म्हणूनच कवटीच्या आतील पुष्कळ अस्थ्यर्बुदे अन्य कारणासाठी काढलेल्या चित्रांत योगायोगाने दिसतात. कोणी मोटारीच्या अपघातानंतर तपासणीसाठी येतो, कोणी सर्दीच्या जुनाट विकारासाठी. ज्यांना लक्षणे जाणवतात त्यांची तक्रार बहुधा डोकेदुखीची असते, आणि डोकेदुखी ही इतकी सर्वसामान्य तक्रार आहे की तिचे खापर चित्रात दिसलेल्या हाडावर फोडण्यापूर्वी वैद्याला दहा वेळा विचार करावा लागतो. क्वचित दाबामुळे आकडी येते. अंतर्कर्णाकडे जाणाऱ्या अरुंद हाडी बोगद्यात अस्थ्यर्बुद झाल्यास बहिरेपणा वा भोवळ येते. तेथे दोन-तीन मिलिमीटर जागाही मोलाची असते.

शिंकेने शिरणारी हवा

कपाळाच्या हाडात, भुवयांच्या मागे, दोन पोकळ्या असतात. त्यांना ललाट-कोटरे म्हणतात. जन्मतः त्या नसतात; सहा-सात वर्षांच्या सुमारास त्या क्ष-किरण चित्रात दिसू लागतात आणि तारुण्यात पूर्ण आकाराला येतात. त्यांच्या आतून श्लेष्मल त्वचेचे अस्तर असते आणि त्यांतील स्राव एका अरुंद वाटेने नाकात उतरतो. डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या मुळाशी, झर्झरिकास्थीतील मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या लहान पोकळ्या आहेत. अस्थ्यर्बुदांचे आवडते स्थान ही दोन कोटरे होत. ती का, याविषयी मतभेद आहेत. पटलापासून झालेले कपाळाचे हाड आणि कूर्चेपासून झालेली झर्झरिकास्थी यांच्या सांध्याशी गर्भावस्थेतील काही पेशी मागे राहतात व त्या पुढे वाढतात, असे कोणी म्हणतात. कोणी जुन्या माराला, तर कोणी दीर्घकाळ टिकलेल्या दाहाला दोष देतात. यांपैकी एकही मत सर्व रुग्णांना लागू पडत नाही.

साध्या क्ष-किरण चित्रांत अशी अस्थ्यर्बुदे शंभरांत एकाहूनही कमी जणांत दिसत असत. संगणकाच्या साहाय्याने डोक्याचे पातळ छेद दाखविणारी सी. टी. स्कॅन ही पद्धत आल्यावर हे प्रमाण शंभरांत तिघांपर्यंत गेले. रोग वाढला नाही. नजर तीक्ष्ण झाली. पुरुषांत ती स्त्रियांपेक्षा काहीशी अधिक दिसतात, आणि बहुसंख्य आयुष्यभर निमूट राहतात.

जी निमूट राहत नाहीत त्यांची गोष्ट वेगळी. ललाट-कोटराची मागची भिंत ही मेंदूच्या कोठडीची पुढची भिंत असते, आणि ती बरीच पातळ असते. कोटरात वाढणाऱ्या हाडाला पुढे कपाळाची जाड भिंत अडविते, म्हणून ते मागे किंवा खाली डोळ्याच्या खोबणीकडे वाट काढते. खाली गेले तर डोळा पुढे किंवा बाजूला ढकलला जाऊन एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. मागे गेले तर भिंत झिजते, तिच्यापाठची दृढतानिका ताणली जाते आणि एके दिवशी फाटते. मग नाकाची पोकळी व मेंदूची कोठडी यांच्यामध्ये सरळ दार उघडते. नाकातून पाण्यासारखा द्रव ठिबकू लागतो. लोक त्याला सर्दी समजतात, पण तो मस्तिष्क-मेरुद्रव असतो. ज्या दाराने द्रव बाहेर येतो त्याच दाराने जंतू आत जातात आणि मेंदूच्या आवरणांचा दाह किंवा मेंदूत गळू उत्पन्न होते. सौम्य अर्बुद माणसाला मृत्यूच्या दारी नेऊन सोडते ते असे.

याहून चमत्कारिक प्रकार हवेचा आहे. शिंकताना अथवा जोराने नाक शिंकरताना नाकातील हवेचा दाब एकदम वाढतो. त्या दाबाने हवा फाटीतून कवटीत शिरते. दाब ओसरल्यावर मेंदू किंवा आवरण त्या फाटीवर झडपेसारखे बसते आणि हवा आतच अडकते. प्रत्येक शिंकेबरोबर आणखी थोडी. अखेरीस मेंदू हवेने दाबला जातो. १९१३ मध्ये न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम लकेट यांनी कवटी फुटलेल्या एका रुग्णाच्या क्ष-किरण चित्रात मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत शिरलेली हवा दाखवून दिली. हवा क्ष-किरणांना अडवीत नाही, त्यामुळे त्या पोकळ्यांचा आकार चित्रात स्पष्ट उमटला होता. बॉल्टिमोरचे वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये मुद्दाम हवा सोडून मेंदूच्या पोकळ्यांची चित्रे काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली, सी. टी. स्कॅन येईपर्यंत मेंदूतील गाठी शोधण्याचे ते एक प्रमुख साधन होते. रुग्णाला ती तपासणी फार क्लेशदायक होत असे, हेही सांगितले पाहिजे.

अमेरिकेतील आद्य मेंदू-शल्यविशारद हार्व्ही कुशिंग यांनी १९२७ मध्ये नेत्रकोटर व झर्झरिकास्थी यांतून निघून कवटीत उपद्रव करणाऱ्या अस्थ्यर्बुदांवर एक निबंध लिहिला व त्यात चार रुग्णांची हकीकत दिली. या विषयावरील तो अजूनही उल्लेखिला जाणारा निबंध आहे. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळी नाकाच्या जंतुमय पोकळीशी जोडलेली कवटी उघडणे म्हणजे केवढे धाडस होते, याची कल्पना आज चटकन येत नाही.

हाड ओळखणे

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले, आणि हाड हीच त्या किरणांनी सर्वांत आधी दाखविलेली गोष्ट. म्हणून कवटीतील हाडाची गाठ ओळखणे सोपे असावे असे वाटते. साध्या चित्रात ती पांढरी दिसतेही. पण ती कवटीच्या बाहेर आहे, भिंतीत आहे की आत, हे एका चित्रावरून कळत नाही, कारण सगळ्या सावल्या एकमेकींवर पडलेल्या असतात. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या डोक्याचे छेदचित्र घेतले, आणि ही अडचण दूर झाली. त्यांच्याच नावाने चालणाऱ्या मोजपट्टीवर हवा उणे १,०००, पाणी शून्य आणि घट्ट हाड अधिक १,००० वा त्याहूनही वर भरते. हस्तिदंतासारखे घट्ट अस्थ्यर्बुद या चित्रात असे लखलखीत पांढरे दिसते की त्याविषयी संशय उरत नाही.

चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने काढलेल्या एम. आर. आय. चित्राची गोष्ट नेमकी उलट आहे. मऊ ऊतके दाखविण्यात त्याचा हात धरणारे दुसरे साधन नाही, आणि महाग म्हणून लोकांचा त्यावर विश्वासही अधिक. परंतु ते चित्र मुख्यतः पाण्यातील व चरबीतील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांपासून मिळणाऱ्या संकेतांवर बनते. घट्ट हाडात असे मोकळे पाणी जवळजवळ नसते, म्हणून ते काळे दिसते. कोटरातील हवाही काळी. काळ्यावर काळे, अशी स्थिती होऊन मोठे अस्थ्यर्बुदसुद्धा नजरेतून निसटू शकते. नवे व महागडे साधन जुन्यापेक्षा प्रत्येक ठिकाणी चांगले असतेच असे नाही.

पांढरी दिसणारी प्रत्येक गाठ मात्र अस्थ्यर्बुद नसते. मेंदूच्या आवरणांपासून होणारे तानिकार्बुद पुष्कळदा चुन्याने भरते आणि शेजारचे हाडही जाड करते. शिरेतून विशिष्ट औषध देऊन चित्र काढले तर ते उजळते, अस्थ्यर्बुद उजळत नाही. हाडात तंतुमय ऊतक भरण्याचा एक विकार आहे, त्यात हाड घासलेल्या काचेसारखे धूसर दिसते. पुरुषांतील पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या उपगाठी कवटीत आल्या तर त्याही दाट पांढऱ्या असतात. येथील चूक महागात पडणारी असते. याउलट उतारवयातील स्त्रियांत कपाळाच्या हाडाचा आतला पत्रा दोन्ही बाजूंनी सारखाच जाड व खडबडीत होतो. अठराव्या शतकात पादुआचेच जोव्हान्नी बात्तिस्ता मोर्गान्यी यांनी त्याचे वर्णन केले आहे. ते अर्बुद नव्हे, आणि त्यासाठी सहसा काहीच करावे लागत नाही.

हाडाने दिलेली सूचना

एका बाबतीत अस्थ्यर्बुद स्वतः निरुपद्रवी असूनही त्याच्याकडे दुर्लक्ष करणे प्राणघातक ठरू शकते. अमेरिकेच्या यूटा राज्यातील आनुवंशिकीचे अध्यापक एल्डन गार्डनर यांनी १९५१ मध्ये एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने माणसे दगावत होती, आणि त्या कर्करोगाआधी आतड्यात असंख्य मोड आलेले असत. पुढील दोन वर्षांत गार्डनर व त्यांचे सहकारी यांना आणखी काही आढळले. ज्यांच्या आतड्यात मोड होते, त्यांच्या कवटीवर व जबड्यावर हाडाच्या गाठी आणि त्वचेखाली पुटीमय गाठी होत्या. या सर्वांचे मूळ एकच होते.

ते मूळ म्हणजे पाचव्या गुणसूत्रावरील एका जनुकातील बिघाड, हे १९९१ मध्ये निश्चित झाले. आईबापांपैकी एकात तो असला, तर प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. आतड्यातील मोड बहुधा किशोरवयात येऊ लागतात. उपचार न केल्यास चाळिशीच्या सुमारास त्यांतील एखाद्याचे कर्करोगात रूपांतर होणे जवळजवळ अटळ असते. हाडाच्या गाठी मात्र कित्येकदा मोडांच्या काही वर्षे आधी दिसतात. म्हणजे, दातांसाठी काढलेल्या चित्रात पंधरा वर्षांच्या मुलाच्या जबड्यात अशा अनेक गाठी पाहणाऱ्या दंतवैद्याच्या हाती त्या मुलाचे प्राण असू शकतात. आतड्याची दुर्बिणीतून नियमित तपासणी आणि योग्य वेळी मोठे आतडे काढून टाकण्याची शस्त्रक्रिया यांनी तो कर्करोग टाळता येतो. गाठ एकच असेल व कुटुंबात असा इतिहास नसेल, तर या विकाराची शक्यता थोडी असते. गाठी अनेक असल्या, माणूस तरुण असला, त्वचेखालीही गाठी असल्या, म्हणजे विचारपूस केलीच पाहिजे. आणि ती एकट्या रुग्णाची नव्हे, त्याच्या भावंडांची व मुलांचीही.

उपचार

लक्षणे नसलेल्या लहान अस्थ्यर्बुदाला हात लावीत नाहीत. काही काळाने पुन्हा छेदचित्र काढून वाढ मोजावयाची, एवढेच. औषधाने ते विरघळत नाही आणि किरणोपचाराचा त्याला उपयोग नाही, तेव्हा प्रश्न शस्त्रक्रियेचाच उरतो. आणि डोळ्यावर दाब येत असेल, कोटराची वाट बुजली असेल, मागची भिंत झिजू लागली असेल किंवा मेंदू स्पष्टपणे दबला असेल, तर ती करावी लागते.

दृढतानिकेला लागून झालेले अस्थ्यर्बुद काढणे त्यातल्या त्यात सोपे. जालतानिका शाबूत असल्याने मेंदू व हाड यांच्यामध्ये एक स्वच्छ फट सापडते आणि गोळा सुटा होऊन निघतो. कोटरातील हाडाची गोष्ट बिकट. ते हस्तिदंताइतके टणक असते, आणि त्याच्या एका बाजूला डोळा, दुसऱ्या बाजूला मेंदू. ते उपटता येत नाही, कारण उपटताना पातळ भिंत व तिला चिकटलेली दृढतानिका सोबत येण्याचा धोका असतो. म्हणून शल्यविशारद हिऱ्याची कणी लावलेल्या, वेगाने फिरणाऱ्या गिरमिटाने ते मधून कोरत जातात. गोळ्याचे आधी पातळ कवच करावयाचे, मग ते कवच आतल्या आत मोडून तुकड्यांनी उचलावयाचे. घर्षणाने हाड तापते आणि ती उष्णता शेजारच्या मज्जातंतूला इजा करू शकते, यास्तव सबंध वेळ मिठाच्या पाण्याची धार धरून ठेवतात. पूर्वी यासाठी कपाळ उघडावेच लागे. आता पुष्कळ रुग्णांत नाकावाटे घातलेल्या दुर्बिणीच्या साहाय्याने हे काम होते. भिंतीला पडलेले भोक रुग्णाच्याच स्नायूवरील आवरणाच्या ठिगळाने बुजवितात, आणि पुढील काही आठवडे त्याला नाक शिंकरण्याची मनाई असते.

काढलेला तुकडा विकृतिविज्ञाच्या प्रयोगशाळेत जातो. तेथे तो लगेच कापता येत नाही. पाते त्यावर चालतच नाही. प्रथम तो अम्लात ठेवून त्यातील चुना विरघळवून घ्यावा लागतो, आणि हाड घट्ट असेल तर या कामाला कित्येक दिवस लागतात. मग त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यांत दिसतात ते एकमेकांभोवती वर्तुळाकार बसलेले हाडाचे थर, त्यांच्यामध्ये रक्तवाहिन्यांच्या बारीक वाटा, आणि थरांच्या फटींत एकेकट्या बसलेल्या अस्थिपेशी. इंग्लंडचे क्लॉप्टन हॅव्हर्स यांनी हाडांविषयीच्या आपल्या १६९१ मधील ग्रंथात ज्यांचे वर्णन केले आणि आज ज्यांना त्यांचे नाव आहे, त्याच या वाटा. मांडीच्या निरोगी हाडात त्या जशा असतात, जवळजवळ तशाच येथेही आढळतात.